रंग उतरते ना, भाऊ?

कापडाच्या दुकानात पाय ठेवला की आपल्याकडच्या गिऱ्हाइकाच्या तोंडून एक प्रश्न आपोआप बाहेर पडतो : रंग जाणार नाही ना? लुगडं असो, परकर असो की जावयाला द्यायचा शर्टपीस असो. दुकानदारही मान वर न करता म्हणतो, "गॅरंटी." ही गॅरंटी कोणाची, किती दिवसांची, आणि रंग गेलाच तर ती घेऊन कोणाकडे जायचं, हे विचारायची पद्धत नाही. पहिल्या धुण्याला बादलीभर जांभळं पाणी निघालं तरी "वरचा रंग असतो तो, एकदा निघून जातो" अशी समजूत आपण स्वतःच काढून घेतो. दुकानदाराला यायचीही गरज पडत नाही.

या बाजारात माझा भाचा काळ्या टी-शर्टचा गठ्ठा पुढ्यात ओढतो आणि विचारतो, "भाऊ, याचा रंग उतरते ना?"

नागपूरच्या गांधीबागेतल्या त्या दुकानदाराचा चेहरा मी जवळून पाहिला. तीन पिढ्यांचा धंदा, आणि हा प्रश्न आजवर कोणी केला नव्हता. त्याला वाटलं, पोरगा आरोप करून राहिला. "काय बोलता भाऊ! पाच वर्षं घाला, धुवा, उन्हात टाका. रंग हलला तर चप्पल मारा मले."

"मंग नको," भाचा म्हणाला आणि उठला.

भाचा हिंगणीचा. वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात हे गाव आहे. इथून पुढे बोरधरण आणि धरणाच्या अंगाला जंगल. त्या जंगलाला १९७० मध्ये अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प म्हणून. क्षेत्रफळ १३८ चौरस किलोमीटर, म्हणजे त्या वेळी देशातला सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्प. प्रकल्प लहान असला तरी वाघ पूर्ण मापाचे आहेत, हे हिंगणीकर आवर्जून सांगतात. ताडोब्याने आपल्या वाघिणीचं नाव माया ठेवलं. बोरच्या वाघिणीचं नाव कॅटरीना पडलं. नाव कोणी ठेवलं ठाऊक नाही, पण त्या माणसाला पर्यटन कळत होतं.

पर्यटकाला वाघ दिसो न दिसो, छातीवर हवा असतो. दिसला तर पुरावा म्हणून, नाही दिसला तर भरपाई म्हणून. आणि जंगलात भडक कपडे घालून जाऊ नये असं सांगतात, त्यामुळे टी-शर्ट गडद लागतो : काळा, शेवाळी, मातकट. इथवर सगळं सोपं आहे. पांढऱ्या कापडावर काहीही छापता येतं, पण गडद कापडावर साधी शाई दिसतच नाही. म्हणून आधी पांढऱ्या शाईचा जाड थर द्यायचा आणि त्यावर वाघ बसवायचा. या शाईला प्लास्टिसॉल म्हणतात, आणि नावातच प्लास्टिक आहे.

आता असा वाघ छातीवर घेऊन वर्ध्याच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर असताना, दुपारच्या सफारीला उघड्या जिप्सीत बसून पाहा. मे महिनाच वाघ दिसण्याचा, कारण पाणवठे आटलेले असतात. वाघाच्या मागे, म्हणजे तुमच्या आणि वाघाच्या मध्ये, घामाचं स्वतंत्र धरण तयार होतं. बाकी टी-शर्टला वारा लागतो, वाघाला लागत नाही. घरी येऊन धुवावा, वाळवावा, इस्त्री फिरवावी, तर अर्धी मिशी इस्त्रीच्या पत्र्याला. पुढच्या शर्टाच्या कॉलरवर ती उमटते.

पर्यटकांसाठी असे टी-शर्ट छापणाऱ्या भाच्याने यावर उपाय शोधला तो डिस्चार्ज प्रिंटिंगचा. यात कापडावर काही चढवायचं नसतं, कापडातलंच काढायचं असतं. पेस्टमध्ये एक पावडर मिसळतात, झिंक फॉर्माल्डिहाइड सल्फॉक्सिलेट नावाची. जाळीच्या चौकटीतून ती पेस्ट काळ्या कापडावर ओढायची आणि १६० अंशांच्या आसपास गरम करायचं. जिथे पेस्ट लागली तिथला रंग मोडतो आणि खालचा कापूस दिसू लागतो. हात फिरवला तर छापलंय हे बोटाला कळत नाही. वारा आरपार जातो. वाघ कातडीला चिकटत नाही, ही सुरक्षिततेच्या दृष्टीनेही चांगली गोष्ट.

अट एकच, आणि तीच नेमकी गांधीबागेत अडते. सगळे काळे उतरत नाहीत.

काळा म्हणजे काळा, असं आपण आयुष्यभर समजतो. भाच्यामुळे कळलं की काळ्यात घराणी आहेत. पहिलं घराणं रिॲक्टिव्ह रंगांचं. हे १९५६ मध्ये इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने बाजारात आणले. हे रंग कापसाच्या धाग्याशी रासायनिक सोयरीक करतात, म्हणून धुतल्याने जात नाहीत. पण त्यांच्यातल्या बऱ्याच रंगांच्या पोटात दोन नायट्रोजनची एक जोडी असते, आणि ती फोडली की रंग संपतो. पेस्ट नेमकी तीच फोडते. भाच्याला हे घराणं हवं.

दुसरं घराणं सल्फर ब्लॅकचं. स्वस्त, गडद आणि कापडात सर्वत्र. याची गंमत अशी की हा रंग काढणाऱ्या रसायनाने मोडत नाही, नुसता विरघळतो. तेवढ्यापुरता गेल्यासारखा वाटतो, आणि धुऊन टाकायच्या आत हवा लागली की पुन्हा आपल्या जागी येऊन बसतो. महाराष्ट्रातल्या मतदाराला हे रसायनशास्त्र समजावून सांगावं लागत नाही.

तिसऱ्या प्रकारचा काळा मुळात काळा नसतोच. कारखान्यात एखाद्या लॉटची छटा बिघडली, मरून चुकला, हिरवा डागाळला, की त्यावर काळा चढवतात आणि माल मार्गी लावतात. अंगात घालणाऱ्याला त्याचं काही नाही. पण डिस्चार्जची पेस्ट लागली की टी-शर्टचा सगळा पूर्वेतिहास बाहेर येतो. भाच्याच्या एका नमुन्यात वाघाचा एक गाल पिवळसर निघाला आणि दुसरा गुलाबी. लग्नातल्या नवऱ्या मुलाचा वाटावा असा.

यातला कुठला काळा कुठल्या गठ्ठ्यात आहे, हे गठ्ठ्यावर लिहिलेलं नसतं. गठ्ठ्यावर काय असतं? १८० जीएसएम, बायोवॉश, राउंड नेक, शंभर टक्के कॉटन. दुकानदाराला यातलं सगळं पाठ. कापडाचं वजन त्याला चिमटीत कळतं. मापं कळतात, भाव कळतो, कुठल्या मंडळाला कुठला माल खपेल हेही कळतं. रंग कोणता, एवढंच कळत नाही. "काळा आहे ना, दिसून राह्यला ना," हे त्याचं उत्तर, आणि त्याच्या जागी तो बरोबर आहे. तो ज्याच्याकडून घेतो त्यालाही ठाऊक नसतं. माल येतो तिरुपूरहून, आणि तिथे सूत एकाचं, विणलं दुसऱ्याने, रंगवलं तिसऱ्याने, शिवलं चौथ्याने. टी-शर्टची वंशावळ काढायला आपल्याकडे त्र्यंबकेश्वरचे पुरोहित ठेवलेले नाहीत.

शंभर टक्के कॉटन हेही सबुरीने घ्यावं. एका दुकानदाराने "शंका असेल तर जाळून पाहा" म्हणून स्वतःच काडीपेटी काढली, खालच्या शिवणीतला दोरा ओढला आणि पेटवला. दोरा आक्रसला, टोकाला काळा टणक मणी झाला. म्हणजे चक्क पॉलिस्टर. दुकानदार काडीकडे बघतो, काडी बोटापर्यंत येते, दुकानातला पोऱ्या पाण्याची बाटली घेऊन उभा. भाच्याने त्याला धीर दिला. शिवणीचा दोरा बहुधा पॉलिस्टरचाच असतो, तो सोडा, कापडातला धागा घ्या. तो घेतला. तो कागदासारखा जळला, राख बोटात चुरगळली. माल खरा होता. दुकानदाराने घाम पुसला आणि चहा मागवला. त्या दुकानात पुढे आमचे संबंध फार चांगले झाले.

पण शिवणीचा तो दोरा लक्षात ठेवण्याजोगा. पॉलिस्टरमधला काळा या पेस्टला दाद देत नाही. छाप शिवणीवरून गेला की वाघ पांढरा आणि त्याच्या खांद्यावरून टाक्यांची काळी रांग, शस्त्रक्रिया होऊन आल्याप्रमाणे. गळ्याची पट्टीही बहुतेकदा वेगळ्या लॉटची. म्हणून शहाण्याने वाघ शिवणीपासून चार बोटं लांब ठेवावा.

काळा सोडून दुसरा गडद रंग घ्यावा, तर नेव्ही ब्लू बऱ्याचदा उतरतो. पण त्याच्याच शेजारच्या थप्पीतला रॉयल ब्लू आणि फिरोजी हटत नाहीत. फिरोजीच्या निळ्यात तर तांब्याचं एक संयुग असतं, थॅलोसायनिन नावाचं. ते या पेस्टने फुटत नाही. दुकानदार म्हणाला, निळा तर आमचा सगळ्यात जास्त चालतो, १४ एप्रिलच्या आधी गठ्ठे पुरत नाहीत. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरच्या नागपुरात कोणी निळ्याला मागे हटवायला निघावं, हा भाच्याचा भाबडेपणा. त्याने मुकाट्याने थप्पी जागेवर ठेवली.

मग कळायचं कसं? नमुना न्यायचा आणि तपासायचा. हिंगणीत ताईच्या, म्हणजे भाच्याच्या आईच्या, स्वयंपाकघरात ही प्रयोगशाळा चालते. प्रत्येक लॉटमधले थोडे टी-शर्ट विकत घ्यायचे. एकाच्या आतल्या बाजूने, दुमडीतून, नखाएवढी चिंधी कातरायची. पातेल्यात पाणी उकळायचं, त्यात धुण्याचा सोडा आणि चमचाभर हायड्रो, म्हणजे रंग काढणारी पावडर. हा हायड्रो रंगाऱ्यांना ठाऊक, आणि गुऱ्हाळवाल्यांनाही. गुळाला पिवळाधमक करायला तो वापरतात. म्हणजे गूळ विकत घेताना आपण जो रंग बघून खूश होतो, तो खरं तर गेलेल्या रंगाचा असतो. चिंधी पाण्यात सोडली की दोन-चार मिनिटांत निकाल. ज्या चिंध्या फिक्या पडतात आणि धुऊन वाळवल्यावरही फिक्याच राहतात त्या पास. बाकीच्यांचं पायपुसणं. ताईकडे सध्या पायपुसण्यांची ददात नाही.

ब्लीचमध्ये बुडवून पाहण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, तो कामाचा नाही. ब्लीच वेगळ्या रस्त्याने रंग मारतं आणि ही पेस्ट वेगळ्या. एकात नापास तो दुसऱ्यात पास होऊ शकतो. आपल्या विद्यापीठांतही असं होतं.

ताईची तक्रार निराळी. पेस्ट लावून टी-शर्ट प्रेसमध्ये गरम केला की सडक्या अंड्याचा वास घरभर पसरतो. "चाळीस वर्षांत या घरात अंडं येऊ देलं नाही मी, आन् हा काय घेऊन बसला!" तिने प्रेस गोठ्याच्या पडवीत हलवली. गाईंचं मत अजून कळलेलं नाही. वासाचं एक वेळ सोडा, पण पेस्टमधून फॉर्माल्डिहाइड निघतं, म्हणून हे काम मोकळ्या हवेत, तोंडाला मास्क लावून करायचं आणि छापलेला टी-शर्ट विकण्याआधी धुवायचा. लहान मुलांच्या मापात भाचा हा छाप करतच नाही. शिवाय एकदा पावडर मिसळली की पेस्ट काही तासांतच संपवावी लागते. आणि हिंगणीत वीज नेमकी कधी जाते, तर पेस्ट मिसळल्यावर.

या सगळ्यावर सगळ्यात कमी शब्दांत बोलले ते भाऊजी, म्हणजे भाच्याचे वडील. त्यांची कपाशी. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा केला तोच कापसासाठी. इथल्या हिंगणघाटच्या नावाचा कापूस तेव्हा मुंबईच्या बाजारात मानाचा. १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, जमशेदजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली ती या कापसाच्या भरवशावर. आज त्या जागी मॉल आहे. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्यात आले, मगनवाडीत ग्रामोद्योग संघ निघाला, १९३८ मध्ये मगन संग्रहालय उघडलं. कापूस जिथे पिकतो तिथेच कातावा, विणावा आणि नेसावा, हे सांगण्यात त्या थोर माणसाची वर्षं गेली. आणि आज भाऊजींचा कापूस सेलूच्या जिनिंगमध्ये उतरतो, गाठ होऊन कुठे दक्षिणेला जातो, आणि काळा होऊन गांधीबागेत येतो.

भाऊजी ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. भाचा त्यांना डिस्चार्ज समजावून सांगत होता. पूर्ण ऐकून घेतलं, अडकित्ता खाली ठेवला.

"म्हंजे पाह्य. कापूस मी पांढरा देला. त्यायनं पैसे घेऊन थो काळा केला. तू पैसे देऊन काळा आनला. आन् आता पैसे लावून थो पांढरा करून राह्यला."

"हाव."

"मंग माह्याजवळूनच घ्याचा होता."

यावर अर्थशास्त्रात उत्तर नाही. भाच्याने हिशेब मांडून पाहिला तोही वडिलांच्याच बाजूने गेला. क्विंटलभर कापसातून तेहतीस-चौतीस किलो रुई निघते. सूत, विणणं, कटाई यांतली घट धरूनही त्यात शंभरावर टी-शर्ट सहज होतात. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे एका टी-शर्टात भाऊजींचे ऐंशीच्या आसपास रुपये, तेही हमीभाव खरोखर मिळाला तर. त्या ऐंशीच्या वरचं जे काही आहे ते रंग चढवण्याचं, शिवण्याचं, वाहून आणण्याचं आणि "गॅरंटी" म्हणण्याचं.

रंग चढवण्याची किंमत तर तिरुपूरच्या नोय्यल नदीनेही मोजली. रंगाई कारखान्यांचं सांडपाणी तिच्यात इतकं गेलं की जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते कारखाने बंदच करायला लावले. सांडपाण्याचा थेंब बाहेर सोडणार नसाल तरच चालवा, म्हणून. एवढा उपद्व्याप करून चढवलेला काळा आमचा भाचा पडवीत बसून उतरवतो. भाऊजींना मी हे नदीचं सांगितलं नाही. त्यांच्या विहिरीचा विषय निघाला असता.

ताईने मध्येच सुचवलं की लिंबू लावून पाहा. हसण्यावारी नेण्यासारखं ते नाही. लोखंडाच्या गंजाचा डाग लिंबाने जातो हे कुठलीही गृहिणी जाणते, आणि जुने छिपे लोखंड-गुळाच्या पाण्यातून जो काळा करत, तो आंबट रसाने खरोखर उतरतो. पण तिरुपूरचा काळा लोखंडाचा नाही. ताईचं लिंबू शेवटी सरबताला गेलं आणि त्या दुपारी तोच सगळ्यात यशस्वी प्रयोग ठरला.

आता वाघाकडे येऊ. या धंद्यातल्या सगळ्यांची धडपड एकाच गोष्टीसाठी : काळ्यातून स्वच्छ पांढरा निघावा. तो सहसा निघत नाही. दुधाळ निघतो, भुरा निघतो. भाच्याने उकळलेल्या चिंध्यांतली एक तर अशी होती की काळा पूर्ण गेला आणि खाली राहिला तांबूस, मातकट, भाजलेल्या विटेचा रंग. ती चिंधी त्याने नापासांत टाकली होती. संध्याकाळी त्या लॉटचे टी-शर्ट वाया कशाला घालवा म्हणून एकावर चौकट ओढून पाहिली.

पडवीतल्या बल्बखाली प्रेसचं झाकण उचललं तेव्हा कापडातून वाफ निघत होती आणि वाघ हळूहळू वर येत होता. आधी गाल, मग कपाळ, मग नाकाचा शेंडा. विटकरी, थोडा पिवळा, कडेला फिका. डब्यातली नारंगी शाई ओतून हा रंग येत नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. आजवर छातीवर नारंगीच वाघ बाळगला आहे. आणि पट्टे? पट्टे छापलेच नव्हते. पट्टे म्हणजे जिथे पेस्ट लागली नाही तो मूळचा काळा. भाऊजी कंदिलाच्या सवयीने बल्ब जवळ ओढून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "असाच हाय. नाल्यात मले दिसला थो असाच होता." हिंगणीत वाघाच्या बाबतीत याहून वरचं प्रमाणपत्र नाही, त्यांच्या शेताच्या धुऱ्यापर्यंत तो स्वतः येऊन जातो.

तेव्हा ठरलं. जगाला नको असलेला, नीट न उतरणारा, विटकरी पडणारा काळाच घ्यायचा, आणि तोही त्याच लॉटचा. दुसऱ्या दिवशी बोरधरणला सफारीहून आलेल्या दोन गाड्यांनी होते तेवढे टी-शर्ट उचलले. एका बाईंनी फक्त विचारलं की मांजरीच्या मापात मिळेल का. भाचा हुरूपाने नागपूरला निघाला, मलाही ओढून नेलं.

काडीपेटीवाला दुकानदार आमची वाटच बघत होता. दुरूनच हात केला. इतक्या दिवसांच्या चौकशीने तोही या नादाला लागला होता. त्याने तिरुपूरला फोन केले होते, दलालाला "रिॲक्टिव्ह" हा शब्द शिकवला होता, गल्लीतल्या धुलाईवाल्याकडून हायड्रो आणून दुकानाच्या मागच्या मोरीत स्वतः चिंध्या उकळल्या होत्या. त्याच्या बोटांचा वास आता ताईच्या पडवीसारखा येत होता. पोऱ्याने नवा कोरा गठ्ठा आणून आपटला.

"घ्या भाऊ! स्वतः करून पाह्यला. पांढराशुभ्र उतरते. आतापर्यंत रंग जात नाही म्हनून विकलं, तुमच्यासाठी पहिल्यांदा जाते म्हनून आनलं."

भाच्याने गठ्ठ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

"भाऊ, तो मागचा लॉट आहे का? तो... खराब?"

"कोनता? तांबडा पडते थो?"

"हाव. थोच पाह्यजे. सगळा."

दुकानदार खाली बसला.

"थो तर परत पाठवला ना भाऊ. रंग नीट जात नाही म्हनून भांडून पाठवला. अन् भांडताना नाव तुमचंच सांगतलं."